हॉस्पिटल पेपरलेस करताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

वीसेक वर्षं पेशंट बघतोय आणि त्यातली शेवटची काही ॲडमिनिस्ट्रेशनची खुर्ची पण सांभाळतोय, त्यामुळे गोव्यात कुणी छोटं-मोठं हॉस्पिटल कॉम्प्युटरवर न्यायला घेतलं की मला हमखास फोन येतो, डॉक्टर, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? कुठलंही घ्या हो. आधी एवढं सांगा की तुमच्याकडचा केसपेपर काय काय कामं करतो? लोक म्हणतात, काय म्हणजे, माहिती लिहून ठेवतो. पहिली चूक इथेच होते.

आमच्याकडे केसपेपरचा वरचा कोपरा दुमडलेला असला की समजायचं रक्ताचा रिपोर्ट यायचाय. लाल पेनाने गोल केलेला असला की ॲलर्जी. खाटेच्या पायाशी पॅड लटकत नसलं की पेशंट एक्स-रेला गेलाय. हे कुठल्याच नियमात नव्हतं, सिस्टरना माहीत, वॉर्डबॉयला माहीत, आणि खरं सांगायचं तर मला धड माहीत नव्हतं. कागद गेला तशी ही सगळी बिनपगारी कामं पण गेली आणि पहिल्या महिन्यात जो गोंधळ झाला त्याला आम्ही मीटिंगमध्ये नाव दिलं 'स्टाफला कॉम्प्युटर येत नाही'. स्टाफला व्यवस्थित येत होता, घरी बसून बोटीवर कामाला असलेल्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावणाऱ्या बायका त्या.

तेव्हा कोटेशन मागवायच्या आधी एक दिवस काढा, एक केसपेपर पकडा आणि काउंटरपासून डिस्चार्जपर्यंत त्याच्या मागे फिरा. कोण हात लावतं, कोण काय खूण करतं, सगळं लिहून घ्या आणि ती यादी व्हेंडरच्या हातात द्या. डेमो बघून सॉफ्टवेअर घेऊ नका, डेमोमध्ये एकच पेशंट असतो आणि तो कधी उलटी करत नाही.

पेशंट सर्चमध्ये सापडतच नाही

हे खास आपल्या गोव्याचं दुखणं. चोडणकर लिहिताना कुणी के लिहितं, कुणाच्या घरी अजून पोर्तुगीज वळणाचं सी चालतं. नाईकच्या शेवटी कुणाकडे के, कुणाच्या आजोबांच्या कागदावर क्यू-यू-ई. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेल्यावर एका भावाने स्पेलिंग बदललं, दुसऱ्याने नाही. मग सोमवारी सकाळी काउंटरवर पन्नास माणसं उभी असताना तो बिचारा पोरगा एकदा नाव टाइप करतो, सापडत नाही, 'न्यू रजिस्ट्रेशन' दाबून मोकळा होतो. आमच्याकडे एका मावशींचे असे तीन नंबर निघाले. एका नंबरावर डायबेटिस, दुसऱ्यावर पेनिसिलिनची ॲलर्जी, आणि ॲडमिट झाल्या तिसऱ्यावर, जिथे सगळं कोरं. मुलगी घरून प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने कागद घेऊन आली होती आणि सिस्टरला त्यात तो लाल गोल दिसला म्हणून निभावलं.

उपाय सोपा आहे पण काउंटरवरच्या माणसाला तो पाठ हवा. नाव सगळ्यात शेवटी शोधायचं, आधी फोन नंबर, मग गाव आणि जन्मसाल. जन्मतारखेवर मात्र फार भरवसा ठेवू नका, माहीत नसलेल्या प्रत्येकाला आपण १ जानेवारीलाच जन्माला घालतो. आणि डबल नंबर एकत्र करायचं काम काउंटरवर कधीच देऊ नका, ते आठवड्यातून एकदा एकाच जबाबदार माणसाने दोन्ही फायली उघड्या ठेवून करायचं. डबल नोंद वाईटच, पण दोन वेगळ्या माणसांची एकच फाइल झाली तर ब्लड ग्रुप कुणाचा आणि रिपोर्ट कुणाचा हे देवालाच ठाऊक.

यावर लोक म्हणतात मग सगळ्यांना आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा नंबर, कंपल्सरी करा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, त्याचा १४ अंकी नंबर आहे, चांगली सोय आहे, पण तो ऐच्छिक आहे आणि आधारवरून काढायचा म्हटलं की ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल असतो मुलाचा, मुलगा असतो बोटीवर. म्हातारी काउंटरवर उभी आणि ओटीपी भर समुद्रात! नंबर नसला तरी नोंदणी पुढे सरकलीच पाहिजे, जोडणी नंतर करता येते.

अलर्ट येतोय, मग चुकतं कुठे?

अलर्ट येतोय हेच चुकतं. आम्ही हौसेने औषधांचे सगळे इशारे चालू करून ठेवले. ॲन्जिओप्लास्टी झालेल्या पेशंटला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मुद्दाम एकत्र देतात, तर त्या प्रत्येकाला लाल खिडकी, रक्तस्रावाचा धोका, ओके दाबा. दिवसात तीस वेळा ओके दाबणारा डॉक्टर एकतिसाव्या वेळेला वाचत नाही, आणि एकतिसावी खिडकी असते रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनवरच्या आजोबांना मेट्रोनिडॅझोल लिहिल्याची, जिथे रक्त खरोखरच जास्त पातळ होऊ शकतं. आम्ही बसून बहुतेक अलर्ट बंद केले, थोडेच ठेवले, आणि ठेवलेल्यांना नुसतं ओके चालत नाही, कारण लिहावं लागतं. ज्युनियर डॉक्टर सुरुवातीला वैतागले, वैतागू देत.

त्याच्याच शेजारचा सापळा म्हणजे औषधांची यादी. 'मेट' टाइप करा आणि बघा काय काय येतं, मेटफॉर्मिन, मेटोप्रोलॉल, मेट्रोनिडॅझोल, मेथोट्रेक्सेट. माउस एक ओळ घसरला की शुगरच्या पेशंटला भलतंच. त्यात मेथोट्रेक्सेट संधिवाताला आठवड्यातून एकदा देतात आणि सिस्टीम मात्र प्रत्येक गोळीला आपणहून 'रोज' लावते, रोज घेतलं तर जिवावर बेततं. व्हेंडरला आजच फोन करून ते 'आठवड्यातून एकदा' करून घ्या, हा लेख नंतर वाचा.

कॉपी-पेस्टबद्दल फार बोलत नाही. सहाव्या दिवशीच्या नोटमध्ये 'ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस' लिहिलेलं दिसलं की काय ते समजा.

नवीन ॲप काढायची खाज

दर वर्षी कुणीतरी कुठल्यातरी परिषदेतून परत येतं आणि ॲप काढायचं म्हणतं. मी एकच विचारतो, पेशंटची किंवा सिस्टरची कुठली मिनिटं वाचणार? गोव्यातला हार्ट अटॅकसाठीचा स्टेमी प्रकल्प चालला तो याच हिशोबावर. लांबच्या आरोग्य केंद्रात छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी तिथेच निघतो, लगेच तज्ज्ञाला दिसतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येतं, ॲम्ब्युलन्स बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पोचायची वाट बघत नाहीत. ते ईसीजी मशीन दिसायला काही विशेष नाही.

आणि रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना 'नाव झाकलंय ना' म्हणू नका. गोव्यात वाडा आणि वय सांगितलं की माणूस कळतो, घरची माणसं रात्री जेवायच्या आत विचारायला येतात.

तारीख आणि लाइट

गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टीम खरोखर सुरू करायचा दिवस, आम्ही ठेवलं ऑगस्टच्या शेवटी, गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात. कॅलेंडर बघितलं होतं पण गणपतीवर फळं-पानं बांधायची माटोळी डोळ्यासमोर आली नाही. अर्धा स्टाफ रजेवर, उरलेल्यांचं लक्ष घरी, वर पाऊस आणि लाइटचा लपंडाव. जानेवारीनंतर ठेवा, आणि एका वॉर्डने सुरुवात करा.

सिस्टीम बंद पडणारच असं धरून चला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला तेव्हा इतक्या मोठ्या ठिकाणी दोनेक आठवडे हाताने कारभार चालवावा लागला, आपलं काय घेऊन बसलात. बॅकअप घेतोय म्हणणाऱ्याला सांगा, मागच्या महिन्यातला एक पेशंट त्या बॅकअपमधून परत काढून दाखव. काढता आला तरच तो बॅकअप.

आम्ही प्रत्येक वॉर्डमध्ये एक पत्र्याची पेटी ठेवली, सिस्टीम गेली की वापरायचे छापील फॉर्म, टॉर्च, पेनं. जूनमधल्या पहिल्याच वादळात रात्री लाइट गेली, सर्व्हर गेला, सिस्टरने पेटी उघडली. फॉर्म होते. टॉर्चमधले सेल कुणीतरी रिमोटला घातले होते आणि पेन एकही नव्हतं. आता पेटीला पेन सुतळीने बांधलंय, लाल आणि निळं दोन्ही.