मासेमारीच्या जाळ्यांचे रेडिओ बोये कसे ऐकावेत

खोल समुद्रात सोडलेली जाळी आणि ट्यूनाच्या लांब गळदोऱ्या वाहत जातात. त्या पुन्हा सापडाव्यात म्हणून त्यांना जोडलेल्या बोयात (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपात) काही वॅटचा ट्रान्समीटर असतो. तो मोर्समध्ये दोन-चार अक्षरांची खूण पाठवतो आणि मग एक लांब, सरळ सूर धरतो. बोटीवरचा दिशाशोधक त्या सुरावरून बोया हुडकतो.

शोध १६०० ते ३००० किलोहर्ट्झमध्ये घ्या, तोही रात्रीच, कारण दिवसा आयनोस्फिअरचा (वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा) सर्वांत खालचा डी थर या लहरी शोषून घेतो. एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे लहरीची एकच बाजू ऐकण्याची सोय) असलेला रिसीव्हर हवाच. साध्या रेडिओवर नुसती खरखर किंचित दबते, सूर उमटत नाही. अँटेना म्हणून १५-२० मीटर तार उघड्यावर ताणा. घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करा, नाहीतर त्यांच्या गुरगुरीत बोया बुडून जाईल.

१९३० किलोहर्ट्झवरचा बोया ऐकायला रिसीव्हरच्या यूएसबीवर (अपर साइडबँड, एसएसबीची वरची बाजू) १९२९ लावा, म्हणजे १००० हर्ट्झचा सूर मिळेल. फिल्टर ५०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. आता घाई नको. पुढचे प्रसारण काही मिनिटांनी येते, त्यामुळे सरसर ट्यूनिंग करणाऱ्याच्या हातून बहुतेक बोये निसटतात. एसडीआरचा (संगणकाला जोडलेल्या सॉफ्टवेअर-रेडिओचा) वॉटरफॉल, म्हणजे वेळेनुसार सरकणारा वारंवारितांचा आलेख, असेल तर तुटक, सरळ उभ्या रेषा शोधा. सरकत जाणारी जाड रेषा बहुधा चार्जरची असते. एएम लावल्यावर बोलणे किंवा गाणे आले, तर ते बोया नव्हे; बहुधा मध्यमलहरी केंद्राचे दुप्पट वारंवारितेवरचे प्रतिरूप असते.

वारंवारिता, खूण आणि वेळ लिहून ठेवा. काही बोये मात्र बोटीने साद घातल्यावरच बोलतात.