क्रोशाच्या टोपीला पडणारी झालर अशी गेली

भाचीची लोकरी टोपी विणताना वरची चकती सपाट बसेना, कडेला झालर पडायची. बारीक सुई घेतली, लोकर बदलली, हात घट्ट धरला, छे! अगदी वैताग आला.

गोम वाढीत, म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके घालण्यात होती. खांबाच्या (सुईवर एकदा लोकर गुंडाळून घातलेल्या उंच टाक्याच्या) विणीत ओळीला 12 च खांब वाढवायचे. जास्त झाले की झालर, कमी झाले की वाटी.

गोलात 12 खांब. मग प्रत्येकात 2, झाले 24. तिसरीत एकाआड एक वाढ, 36. चौथीत दोन साधे, तिसऱ्यात वाढ, 48.

थांबायचं कुठे, हे टेपने ठरवा. भाचीच्या डोक्याचा घेर 47 सेंमी. लोकर ताणते म्हणून 3 वजा, 44 भागिले 3.14, म्हणजे 14. चकती 14 सेंमी रुंद भरली की वाढ बंद, पुढे खांबावर खांब. शेंड्यापासून 17 सेंमी झाली की कान छान झाकतात.