ठोकर मारून गाडी पळाली तर

आधी जखमीकडे बघा. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. पळालेल्या गाडीचा पाठलाग करू नका, त्यात दुसरा अपघात होतो. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्यात तसं संरक्षण आहे, त्यामुळे न घाबरता थांबा.

गाडीचा नंबर पूर्ण दिसला नसेल तरी शेवटचे दोन आकडे, रंग, कुठल्या दिशेला गेली, हे लगेच मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. तासाभराने आठवण हमखास घोटाळते. रस्त्यावर पडलेले काचेचे, बंपरचे तुकडे उचलू नका, फक्त फोटो काढा. जवळच्या दुकानाचा, पेट्रोल पंपाचा, सोसायटीचा सीसीटीव्ही त्याच दिवशी गाठा, कारण जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. माझ्या मते सगळ्यात जास्त केसेस इथेच हातच्या जातात.

एफआयआरची प्रत घ्या, ती मोफत मिळते.

आणि हे फार थोड्यांना माहीत असतं: गाडी सापडलीच नाही तरी सरकारी भरपाई आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकारी कार्यालयात चौकशी करून द्यायचा. एफआयआर, उपचारांची कागदपत्रं किंवा शवविच्छेदन अहवाल आणि बँक पासबुकाची झेरॉक्स आधीच एका फायलीत लावून ठेवा.