टीव्हीवरचं उतरलेलं वजन कसं तपासायचं

वजन उतरवण्याच्या स्पर्धेत काट्यावर जो आकडा झळकतो तो बहुतेक वेळा खराच असतो. फक्त काट्याला चरबी, पाणी, मांस आणि पोटातलं जेवण यांतला फरक कळत नाही. तो सगळ्यांची एकच बेरीज दाखवतो आणि कार्यक्रमवाले त्या बेरजेला ‘चरबी’ म्हणतात.

अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूजर’ २००४ साली सुरू झाला. २००७ मध्ये सहारा वनवर त्याची हिंदी आवृत्ती आली, सूत्रधार सुनील शेट्टी. तो प्रकार आता टीव्हीपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी सकाळी शेक पाजणारे क्लब, आठवडी बाजारातले चूर्णवाले, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘आधी-नंतर’चे जोडफोटो, सगळे त्याच साच्यातले. पैसे मोजायच्या आधी पुढची तपासणी करून घ्या. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर, शिवणकामाचा टेप आणि एक वजनकाटा एवढ्यात भागतं.

आधी हिशोब

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. कुणी सांगितलेला कोणताही आकडा या भागाकारातून काढायचा.

समजा दावा आहे, ‘७ दिवसांत ५ किलो’. ७० किलो वजनाची, दिवसभर निंदणाला जाणारी बाई दिवसाला २२०० ते २४०० कॅलरी खर्च करते. तिने आठवडाभर अन्नाचा कणही खाल्ला नाही असं धरा. २३०० गुणिले ७ म्हणजे १६,१००. त्याला ७७०० ने भागलं की येतात २ किलो आणि वर थोडे ग्रॅम. सात दिवस निव्वळ पाण्यावर राहूनही चरबी उतरणार जेमतेम दोन किलो. मग बाकीचे तीन किलो कशाचे?

त्यातले दीड-दोन किलो साठवलेल्या साखरेचे आणि पाण्याचे. यकृत आणि स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकर-भात बंद केला की दोन-तीन दिवसांत हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. उरलेलं वजन रिकाम्या आतड्याचं आणि काही स्नायूंचं. पुन्हा दोन दिवस वरण-भात खाल्ला की पाणी परत. पहिल्याच आठवड्याचा आकडा जाहिरातीत का मिरवतात ते इथे कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचा आकडा विचारून पाहा, विषय बदलला जातो.

टीव्हीवरच्या माणसाचं गणित थोडं वेगळं आहे. १५० किलोच्या माणसाचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी २६०० च्या आसपास कॅलरी खर्च करतं. त्याला दिवसाचे चार-सहा तास घाम गाळायला लावला तर खर्च ६००० पर्यंत नेता येतो. खाणं १५०० वर ठेवलं तर रोज ४५०० ची तूट, आठवड्याला ४ किलो. म्हणजे तिथे चार किलो खरेच उतरू शकतात. पण त्यासाठी आधी दीडशे किलो असावं लागतं, शेत-घर-लेकरं सोडून राहावं लागतं आणि डॉक्टर, प्रशिक्षक, स्वयंपाकी हाताशी लागतात. ८० किलोच्या माणसाने त्या आकड्याशी स्वतःची तुलना करण्यात अर्थ नाही. गावातल्या क्लबवाल्याने तर त्याचं नावही घेऊ नये.

आठवडा किती दिवसांचा?

टीव्हीवरचा ‘आठवडा’ दर वेळी सात दिवसांचा नसायचा, दोन वजनांमध्ये कधी कधी जास्त दिवस जायचे, असं त्या अमेरिकन कार्यक्रमातल्या काही माजी स्पर्धकांनी जाहीरपणे सांगितलं आहे. म्हणून दावा करणाऱ्याला आठवडे विचारू नका, तारखा विचारा. पहिलं वजन कोणत्या तारखेला, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. दुसरंही तसंच.

आपल्याकडे महिनाही पाहावा लागतो. ‘आधी’चं वजन पोळा-दिवाळीच्या खाण्यानंतरचं आणि ‘नंतर’चं कापूस वेचणीच्या ऐन हंगामातलं असेल, तर मधला फरक चूर्णाने केला की रोज वावरभर वाकून वेचण्याने, हे सांगता येत नाही. श्रेय मात्र डब्यालाच मिळतं.

पाण्याचा खेळ

हा स्वतः करून पाहायला सोपा आहे. सकाळी काट्यावर उभे राहा. उतरा, एक लिटर पाणी हळूहळू प्या, परत उभे राहा. बरोबर एक किलो वाढलेलं दिसेल. वजनाच्या आदल्या दिवशी पाणी आणि मीठ तोडणं, घाम काढणं, जुलाब घेणं या सगळ्या युक्त्या हाच एक-दोन किलोंचा खेळ उलट्या दिशेने खेळतात. कुस्तीतही वजनगटात बसायला हे चालत आलं आहे.

उलट्या दिशेचा प्रयोग मात्र करू नका, विदर्भात तर नाहीच. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात धसकटं वेचणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. त्यात पोटाला प्लास्टिक गुंडाळायचं किंवा ‘घामाचा पट्टा’ बांधून पाणी कमी प्यायचं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. आणि पूर्व विदर्भात घराघरांत चौकशी करावी अशी गोष्ट म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. हा आजार असणाऱ्याचं पाणी कमी पडलं की वेदनांचा झटका येऊ शकतो, दवाखान्यात भरती करायची पाळी येते. घरात सिकलसेलचं कार्ड असेल तर पाणी तोडणारा, उपाशी ठेवणारा कोणताही ‘कोर्स’ आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

फोटो कसे वाचायचे

एकाच दिवशी एकाच माणसाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ काढता येतात. करून पाहा. रात्री जेवल्यावर, ट्यूबलाइटच्या समोर, पोट सैल सोडून, खांदे पाडून, फोन छातीजवळून खाली रोखून एक फोटो. सकाळी पोट साफ झाल्यावर, दाराच्या उजेडात अंगावर एका बाजूने प्रकाश घेऊन, श्वास सोडून पोट आत घेऊन, पॅन्ट बेंबीपर्यंत चढवून दुसरा. काहीही न करता चार-पाच किलो उतरल्यासारखे दिसतात. बाजूने येणारा उजेड स्नायूंच्या सावल्या पाडतो, समोरचा उजेड सगळं सपाट करतो. टीव्हीवर याशिवाय रंगभूषा, मापाचे नवे कपडे आणि केशभूषा असते.

जोडफोटोत या गोष्टी तपासा: मागची भिंत तीच आहे का, दाराच्या चौकटीच्या रेषा सरळ आहेत का (अ‍ॅपने कंबर आत ढकलली की मागची चौकटही वाकते), पाय किती अंतरावर ठेवलेत, चेहरा ‘आधी’त रडवेला आणि ‘नंतर’मध्ये हसरा का. चेहऱ्याने वजन उतरत नाही. फोटोखाली तारीख नसेल तर पुढे पाहायची गरजच नाही.

स्वतःचे फोटो ठेवायचे असतील तर फोन तीन मीटर दूर, बेंबीच्या उंचीवर, स्टुलावर टेकवून ठेवा. तीच भिंत, तीच सकाळची वेळ, तेच कपडे. ०.५ वाली लेन्स वापरू नका, ती कडेच्या वस्तू ताणते.

सहा वर्षांनी काय झालं

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच कुणी करत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले तेव्हाचे संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बिगेस्ट लूजर’च्या आठव्या पर्वातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीला या १४ जणांचं सरासरी वजन सुमारे १४९ किलो होतं. ३० आठवड्यांनी ते ९१ वर आलं. सहा वर्षांनी परत १३२ च्या जवळ पोचलं. उतरलेल्या ५८ किलोंपैकी सरासरी ४१ किलो परत आले.

ती माणसं आळशी झाली म्हणून हे झालं, असं म्हणणारा घाई करतो. त्यांचं शरीर विश्रांतीत जेवढ्या कॅलरी खर्च करायचं तो खर्च स्पर्धा संपताना दिवसाला सुमारे ६०० ने घटला होता. वजन परत वाढल्यावर खर्चही परत वाढायला हवा होता. तो वाढला नाही. सहा वर्षांनीही त्या वजनाच्या आणि वयाच्या माणसाकडून अपेक्षित खर्चापेक्षा तो रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. ५०० कॅलरी म्हणजे जवळजवळ एका वेळचं जेवण, जे शेजारी खाऊ शकतो पण ते नाही. त्यात पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन हे संप्रेरक स्पर्धेच्या शेवटी फार खाली गेलं होतं आणि नंतरही पूर्ण सावरलं नाही, म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. याच गटाच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्यांनी वजन टिकवलं, त्यांनी हालचाल इतरांपेक्षा कितीतरी जास्त वाढवलेली होती आणि ती वर्षानुवर्षं टिकवली होती.

म्हणून दावा करणाऱ्याला थेट विचारा: दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून वजन उतरवलेले पाच जण दाखवा. कालचे नकोत. क्लबला दोन वर्षं झाली नसतील तर तेही उत्तरच झालं.

डब्यात काय आहे

आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत सोनामुखी असेल तर ती जुलाब आहे. पोट हलकं होतं, चरबी जागेवर राहते. लघवीची गोळी पाणी काढते. सिब्युट्रामाइन हे भूक मारणारं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं, पण ‘हर्बल’ लेबलाच्या पुड्यांत ते मिसळलेलं जगभर सापडत आलं आहे. नवं चूर्ण सुरू केल्यावर भूक एकदम मेली, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडायला लागली, झोप उडाली, तर पुडी बंद करा आणि ती घेऊनच डॉक्टरांकडे जा. घटक न छापलेला, उत्पादकाचा पत्ता नसलेला डबा घेऊच नये.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणाऐवजी शेक सुरू केला तर रक्तातली साखर अचानक खाली जाऊ शकते: घाम, थरथर, गोंधळ, बेशुद्धी. गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घेतल्याशिवाय जेवण तोडू नका. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. तोवर क्लबवाला दुसऱ्या गावी गेलेला असतो.

स्वतःचं माप नीट कसं घ्यायचं

काटा सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर ठेवला की चुकतो. फरशीवर ठेवा, चारही पाय टेकले पाहिजेत. खात्री करायला युरियाची न फोडलेली बॅग ठेवा, ४५ किलो आणि पोत्याचे काही ग्रॅम यायला हवेत. नेहमी अर्धा किलो जास्त येत असेल तर हरकत नाही, कारण फरक मोजायचा आहे. दर वेळी वेगळाच आकडा आला तर काटा टाकून द्या.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. सात दिवसांची सरासरी काढायची आणि या आठवड्याची सरासरी मागच्याशी ताडायची. रोडग्याच्या भंडाऱ्यातून आल्यावर, म्हणजे रोडगे आणि वांग्याची तर्रीदार भाजी पोटभर झाल्यावर, दुसऱ्या सकाळी काटा किलोभर वर दाखवतो. ते मिठाचं आणि पिठाचं पाणी आहे, तीन दिवसांत जातं. बायकांनी पाळीच्या त्याच दिवसांची तुलना करावी.

कंबर: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप आडवा, न आवळता. पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की सावध व्हायचं. वयाची तिशी ओलांडलेल्यांचं हे माप आशाताई फॉर्म भरताना घेतात, फुकट. जुना टेप ताणलेला असतो, पट्टीशी जुळवून घ्या.

आता खरा वेग किती, त्याचा नमुना. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा तेलाचा पिपा दोन महिन्यांत संपतो, म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम तेल, ४५० कॅलरी. तोच पिपा तीन महिने पुरवला तर माणशी ३३ ग्रॅम. रोजचे १५० कॅलरी वाचले, महिन्याला ४५००, म्हणजे बाकी खाणं तेवढंच राहिलं तर अर्धा किलोहून थोडी जास्त चरबी. यावर कुणी कार्यक्रम काढणार नाही.

फसवणूक झाली असेल तर पावती, डबा, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवा. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. चूर्ण-गोळीबद्दल जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पैसे परत मिळत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. फोनच्या आधी तारीख, रक्कम आणि विकणाऱ्याचा पत्ता कागदावर लिहून ठेवा, तिकडून पहिले तेच विचारतात.