मीडिया प्लेअर जोडण्याआधी हाताशी काय काय ठेवावं

नवा मीडिया प्लेअर (टीव्हीला जोडून ऑनलाइन कार्यक्रम आणि आपल्या फाइली दाखवणारं छोटं यंत्र) आला की पहिला हात खोक्याच्या टेपला जातो. तो जरा आवरा आणि आधी टीव्हीच्या मागे डोकावून या. जोडणी बिघडते तेव्हा दोष बहुतेक वेळा प्लेअरचा नसतो. केबल, पोर्ट, अडॅप्टर, वायफाय किंवा फाइल यांपैकी एखादं अडत असतं. म्हणून तयारी म्हणजे प्रत्येक प्रकारातली एक तरी खात्रीची, आधी चालवून पाहिलेली वस्तू जवळ असणं. मग अडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पडतो का ते बघायचं.

टीव्हीच्या मागच्या सगळ्या पोर्टांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकदा टीव्ही भिंतीला टेकला की कुठल्या पोर्टशेजारी काय लिहिलं होतं ते कुणाला आठवत नाही. एचडीएमआयचे पोर्ट दिसायला सारखे असले तरी कुवतीला सारखे असतीलच असं नाही. काही टीव्हींत ६० हर्ट्झचा ४के (फुल एचडीच्या चौपट बिंदूंचं, सेकंदाला ६० वेळा बदलणारं चित्र) एखाद-दोन पोर्टांवरच चालतो आणि साउंडबारला आवाज देणारा एआरसी पोर्ट सहसा एकच असतो. काही टीव्हींत प्रत्येक पोर्टसाठी सेटिंगमध्ये जाऊन वाढीव सिग्नल चालू करावा लागतो. तो बंद राहिला तर एचडीआरचा (उजेड आणि रंगांचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राचा) पर्याय दिसतच नाही आणि माणूस प्लेअरच्या मेनूत उगाच शोधत बसतो.

केबल प्लेअरसोबत आलेली असो वा जुनी, एक जादा ठेवाच. ६० हर्ट्झच्या १०८०पी (फुल एचडी) चित्राला सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिटची वाट पुरते, पण ६० हर्ट्झच्या ४केला १८ गिगाबिटपर्यंत लागते. त्यामुळे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली केबल नव्या प्लेअरवर अचानक चमचमायला लागते, मध्येच पडदा काळा करते. अशा वेळी प्लेअरमध्ये रिझोल्यूशन १०८०पीवर आणा. चित्र स्थिर झालं तर संशय केबलवर किंवा पोर्टवर, प्लेअर निर्दोष. नवी घ्यायचीच असेल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं प्रमाणित लेबल असलेली पुरते; सोन्याच्या मुलाम्याला भुलू नका. मेनू छान दिसतो पण सिनेमा लावला की काळोख, असं झालं तर प्रश्न बहुधा एचडीसीपीचा, म्हणजे एचडीएमआयवरच्या कॉपीरोधक कुलपाचा असतो. कॉपीपासून संरक्षण असलेल्या ४के कार्यक्रमांना साधारणपणे एचडीसीपी २.२ लागतं आणि प्लेअर आणि टीव्हीच्या मधला जुना रिसीव्हर (स्पीकरना आवाज देणारा डबा) ते ओळखत नाही. प्लेअर थेट टीव्हीला लावून पाहिला की लगेच कळतं.

आता वीज. स्टिकच्या आकाराचा प्लेअर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टवर चालवायचा मोह आवरा. यूएसबी २.० पोर्टवर ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर एवढाच भरवसा असतो आणि अनेक स्टिकना १ अँपिअर लागतो. मग सिनेमा रंगात आला की प्लेअर स्वतःहून रीस्टार्ट होतो, रिमोट अडखळतो, अपडेट अर्ध्यात अडकतं, आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात. शिवाय टीव्ही बंद केला की काही पोर्टांची वीजही जाते. म्हणून सोबतचाच अडॅप्टर आणि त्याच्यासाठी रिकामं सॉकेट हे यादीत वर लिहा. बाहेरची हार्ड डिस्क लावणार असाल तर तिलाही हाच न्याय: दिसते, गायब होते, पुन्हा दिसते असा खेळ चालला तर स्वतःची वीज असलेला यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक करणारा डबा) वापरून पाहा.

वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून घ्या, रिमोटने एकेक अक्षर टिपताना लहान-मोठ्या लिपीचा घोळ हमखास होतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. राउटर जवळ असेल तर ५ बरा, मधे भिंती असतील तर २.४ पोहोचतो. टीव्हीच्या पाठीला चिकटलेल्या स्टिकला सिग्नल कमी मिळतो, म्हणूनच खोक्यात कधी कधी एचडीएमआयचा आखूड जोडतुकडा असतो. तो फेकू नका. यूएसबी ३ची डिस्क शेजारी असेल तर ती २.४ गिगाहर्ट्झमध्ये खरखर घालते, थोडी लांब सरकवा. तारेने जोडणार असाल तर प्लेअरचा लॅन (नेटवर्कच्या तारेचा) पोर्ट १०० मेगाबिटचा आहे का पाहा. ऑनलाइन ४केला तो भरपूर आहे, पण ४के ब्लू-रेची जशीच्या तशी उतरवलेली फाइल काही दृश्यांत त्यापलीकडे जाते आणि तिथेच अडते.

खात्यांचे पासवर्ड आणि ओटीपी येणारा फोन जवळ हवा, हे सांगायला नको. घड्याळ मात्र विसरतं. प्लेअरची तारीख चुकीची असेल तर सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध वाटतात आणि इंटरनेट चालू असूनही ॲप ‘जोडणी नाही’ म्हणतं.

एक पेन ड्राइव्ह चाचणीसाठी तयार करा. त्यात साधी एच.२६४ची (जवळपास सगळीकडे चालणाऱ्या व्हिडिओ प्रकाराची) एमपी४ फाइल हवीच, तीच तुमची खात्रीची. सोबत १० बिट एचईव्हीसीची (नव्या, जास्त दाबलेल्या व्हिडिओ प्रकाराची) एक, डीटीएस (सिनेमांतला एक सराउंड प्रकार) आवाजाची एक, आणि ४ जीबीपेक्षा मोठी एक. ही शेवटची फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर मावणारच नाही, तेव्हा ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा आणि प्लेअर ते वाचतो का हेही आपोआप कळेल. चित्र आहे पण आवाज नाही, असं डीटीएस फाइललाच झालं तर प्लेअरमधला आवाजाचा पर्याय पीसीएमवर (उलगडलेल्या साध्या आवाजावर) टाका. बऱ्याच टीव्हींना डीटीएस कळत नाही.

मराठी सबटायटल वाचणाऱ्यांनी इथे थोडा जास्त वेळ द्यावा. एसआरटी (सबटायटलच्या) फाइलचं नाव सिनेमाच्या फाइलसारखंच ठेवा आणि ती यूटीएफ-८ या युनिकोड साठवणीत जतन करा. मग जे दिसेल त्यावरून दोष ओळखता येतो. चौकोन दिसले तर प्लेअरकडे देवनागरी फॉन्ट नाही. रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेला आहे, तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागेल. अक्षरं ओळखू येतात पण जोडाक्षरं सुटी पडतात आणि ‘कि’मधली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते, तर फॉन्ट आहे, पण अक्षरजुळणी प्लेअरला येत नाही. तिथे फॉन्ट बदलून उपयोग नाही, दुसरं व्हिडिओ ॲप लावून बघा.

संगणकावरच्या फाइली बघायच्या असतील तर दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर हवीत, पाहुण्यांच्या वायफायवर नकोत. जुन्या घडणीचे प्लेअर फाइली वाटून घेण्याची फक्त एसएमबी १ ही जुनी पद्धत जाणतात, आणि २०१७च्या अखेरीपासून विंडोज १०च्या नव्या इन्स्टॉलमध्ये ते मुळात नसतं. ते मुद्दाम चालू करू नका. त्याच वर्षी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्यातल्याच भोकातून पसरला होता. त्याऐवजी संगणकावर डीएलएनए किंवा जेलीफिनसारखा, घरातल्या नेटवर्कवर सिनेमे पुरवणारा सर्व्हर बरा.

टीव्ही आपणहून इनपुट बदलत असेल तर सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) बंद करून सेटअप उरका. टीव्हीच्या मेनूत ते एनीनेट प्लस, ब्राव्हिया सिंक, सिम्पलिंक अशा नावांनी लपलेलं असतं.

बिल, खोकं आणि आतला थर्माकोल परतीची मुदत संपेपर्यंत सांभाळा आणि सीरियल नंबरचा फोटो घ्या. खात्रीची केबल, खात्रीची फाइल, मूळ अडॅप्टर आणि दुसरा टीव्ही एवढं वापरूनही प्लेअर अडतच असेल, तर फॅक्टरी रीसेट एकदाच करा आणि नाही सुधारला तर परत पाठवा.