विजया तेलाचा लॅब रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आर्णीकडच्या एका खेड्यातून एक काका माझ्या मेडिकलवर आले. बायकोला तोंडाचा कॅन्सर, रात्र रात्र कण्हणं. वैद्यांनी विजया तेल, म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल, लिहून दिलं होतं, मुलानं ते ऑनलाइन मागवलं होतं. काकांनी पिशवीतून आधी बाटली काढली, मग मोबाइल. "पाहा बरं भाऊ, रिपोर्ट त चांगला हाय न?"

रिपोर्ट खरंच चांगला होता. चार पानं, शिक्का, सही, सगळीकडे 'पास'. फक्त बॅच नंबर जुळत नव्हता. बाटलीवर शेवटचा आकडा ७, रिपोर्टवर २. म्हणजे तो रिपोर्ट त्या बाटलीचा नव्हताच.

दुकान टाकण्याआधी काही वर्षं मी औषध तपासणीच्या लॅबमध्ये काम केलं आहे. त्यामुळे अशा बाटल्या आणि असे मोबाइल माझ्यासमोर बरेच येतात. चुका त्याच त्या होतात आणि त्या दुखणाईताच्या अंगावर निघतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी कायद्याचं. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचा फुलोरा. तो बाळगणं गुन्हा आहे, दुखण्यासाठी असला तरी. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदात त्यांना भांग किंवा विजया म्हणतात. औषध नियमांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, म्हणून अशा औषधाच्या लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशारा इंग्रजी आणि हिंदीत असावा लागतो. पुढचं सगळं परवानाधारक कंपनीच्या, वैद्यांनी लिहून दिलेल्या औषधाबद्दल आहे. कुणी तुरीच्या ओळीत लपवून लावलेल्या झाडाबद्दल नाही.

दुसऱ्याच बॅचचा रिपोर्ट

बाजार समितीत शेजाऱ्याच्या सोयाबीनला ओलाव्याचं मीटर लावून तुमच्या पोत्याचा भाव काढला, तर तुम्ही ऐकून घ्याल का? इथेही तसंच आहे. एकाच शेतातल्या दोन झाडांत टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, सारखं नसतं, मग दोन बॅचमध्ये कसं असेल? बॅच नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. नमुना कधी घेतला आणि तपासणी कधी झाली, त्या तारखा पाहा. बाटलीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की बहुतेक वेळा कंपनीचंच पान उघडतं आणि त्यावर एखादा जुना, छान रिपोर्ट कायमचा टांगलेला असतो.

नमुना कुठून घेतला यालाही महत्त्व आहे. लॅबमध्ये असताना एका चूर्णाच्या ड्रममधून मी वरवरचा नमुना घेतला आणि रिपोर्ट काढला. वरिष्ठांनी तळातून पुन्हा घ्यायला लावला, तर आकडे लक्षात येण्याइतके वेगळे आले. जड बारीक भुकटी खाली बसली होती. तेव्हापासून चूर्णाचा रिपोर्ट पाहिला की माझा पहिला प्रश्न तोच असतो. तेलात सगळं विरघळलेलं असतं, म्हणून तिथे ही अडचण कमी.

लेबलवरचे मिलिग्रॅम आणि टीएचसीचे मिलिग्रॅम

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. काकांच्या ३० मिलीच्या बाटलीवर ठळक अक्षरांत '३००० मिलिग्रॅम' लिहिलं होतं. मुलाला वाटलं, एवढं टीएचसी आहे. ते वजन अर्काचं होतं. अर्कात मेण, हरितद्रव्य, तेल सगळंच येतं. नशा आणणारं किंवा दुखणं कमी करणारं जे काही आहे, ते त्यातला एक भाग.

समजा रिपोर्टमध्ये टीएचसी १.५ टक्के आहे. म्हणजे एका ग्रॅममागे १५ मिलिग्रॅम. तेल पाण्यापेक्षा हलकं, १ मिली साधारण ०.९२ ग्रॅमचं, म्हणून एका मिलीत जवळपास १४ मिलिग्रॅम आणि अख्ख्या बाटलीत ४१४ च्या आसपास. आता थेंब. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज घ्या, बाटलीच्या ड्रॉपरनं त्यात एकेक थेंब सोडा आणि १ च्या रेघेपर्यंत किती मावले ते मोजा. ३० मावले तर एक थेंब अर्ध्या मिलिग्रॅमला थोडा कमी. ड्रॉपर बदलला की आकडा बदलतो, म्हणून प्रत्येक नव्या बाटलीला पुन्हा मोजा. हा हिशेब वैद्यांना दाखवा, मात्रा तेच ठरवतील.

काकूंना घरी चहाच्या चमच्यानं तेल द्यायचं ठरलं होतं. त्या चमच्यात ५ मिली बसलं असतं तर जवळपास ७० मिलिग्रॅम. टीएचसीचं ड्रोनॅबिनॉल नावाचं औषध परदेशात मिळतं, त्याची नेहमीची सुरुवात २.५ मिलिग्रॅमपासून होते. यावरून अंदाज करा. त्यात पोटात घेतलेल्या तेलाचा असर यायला अर्धा ते दोन तास लागतात. काही होत नाही म्हणून पंधरा मिनिटांनी दुसरा चमचा दिला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात.

हेम्प सीड ऑइलची बाटली विजया तेल म्हणून घेणारेही भेटतात. ते बियांचं तेल आहे, २०२१ पासून अन्न म्हणून मान्य, आणि त्यात टीएचसी किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. खायला उत्तम. दुखण्यासाठी त्याच्यावर पैसे घालू नका.

टीएचसीए सोडून देणं

कच्च्या पानात टीएचसी थोडं आणि टीएचसीए जास्त असतं. उष्णता लागली की टीएचसीएमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. वजन घटतं, म्हणून टीएचसीएला ०.८७७ ने गुणून मग टीएचसीत मिळवायचं. टीएचसी १ आणि टीएचसीए १० टक्के असेल, तर एकूण ९.७७ टक्के. फक्त पहिला आकडा वाचून 'हे सौम्य आहे' म्हटलं आणि घरी ते तुपात शिजवलं, की सौम्य राहत नाही.

चाचणीची पद्धतही पाहा. एचपीएलसी या पद्धतीत दोन्ही वेगवेगळे मोजले जातात. साध्या गॅस क्रोमॅटोग्राफीत यंत्राच्या उष्णतेनंच टीएचसीएचं टीएचसी होतं, त्यामुळे कच्च्या मालात खरं किती होतं ते कळत नाही. रंग बदलणाऱ्या किटवर तर मात्रा ठरवूच नका. ते 'आहे की नाही' एवढंच सांगतात.

'आढळले नाही' वाचून निश्चिंत होणं

हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा या चारही ओळी रिपोर्टमध्ये हव्यात. हे घाबरवायला सांगत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

'आढळले नाही' याच्या शेजारी यंत्र किती कमीपर्यंत मोजू शकतं तो आकडा असला तरच त्या शब्दांना अर्थ आहे. कीटकनाशकांचंही तसंच. यादीत डीडीटी, एंडोसल्फान अशी जुनीच नावं असतील आणि आज शेतात मारली जाणारी नसतील, तर तपासणी अर्धीच झाली. २०१७ मध्ये फवारणीनं यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली. फवारणीच्या औषधाचा अंश म्हणजे काय ते आपल्या भागात कुणाला शिकवावं लागू नये.

चूर्ण असेल तर बुरशी आणि अफ्लाटॉक्सिनही पाहा. दमट भुईमुगाला जी बुरशी लागते तीच.

आणि लॅबना मान्यता देणाऱ्या 'एनएबीएल' या संस्थेचा शिक्का दिसला म्हणून थांबू नका. मान्यता चाचणीनिहाय असते. पाण्याच्या तपासणीची मान्यता असलेली लॅब टीएचसीसाठी मान्य असतेच असं नाही. एनएबीएलच्या साइटवर त्या लॅबच्या मान्य चाचण्यांची यादी पाहता येते.

उन्हाळा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली फळीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या तेलाची ताकद रिपोर्टवर आहे तेवढी राहत नाही. ऊन, हवा आणि उष्णतेनं टीएचसीचं सीबीएन नावाचं दुसरंच द्रव्य होत जातं. नव्या मालाच्या रिपोर्टमध्येच सीबीएन जास्त दिसलं तर माल जुना किंवा भाजलेला समजा. फ्रिज नसेल तर घट्ट झाकण लावलेली बाटली माठाच्या बाजूला, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

काकांची बाटली आम्ही उघडलीच नाही. तिच्या लेबलचा फोटो काढून कंपनीला पाठवला आणि याच बॅचचा रिपोर्ट द्या, नाही तर पैसे परत करा, असं लिहिलं. तीन दिवसांनी नवा रिपोर्ट आला. त्यात टीएचसी आधीच्या रिपोर्टपेक्षा दीडपट होतं. काकांनी तो वैद्यांना दाखवला, त्यांनी थेंब कमी केले. काकू रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेत होत्या, हेही वैद्यांना तेव्हाच कळलं. भांगेतल्या सीबीडी या दुसऱ्या द्रव्यामुळे वॉरफरिनचा असर वाढू शकतो, म्हणून त्यांनी आधी रक्त तपासून यायला सांगितलं.