उजाड शहर गेममध्ये कसे उभारावे: प्रिप्यातच्या आधाराने

प्रलयानंतरचे शहर गेमसाठी घडवताना पडझडीची टेक्स्चर्स (पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) गोळा करण्याआधी माणसे कशी गेली आणि त्यानंतर किती काळ लोटला, हे ठरवून घ्यावे. युक्रेनमधील प्रिप्यात अभ्यासाला उत्तम आहे, कारण तेथे ही दोन्ही उत्तरे ठाऊक आहेत. चेर्नोबिलच्या अपघातानंतर २७ एप्रिल १९८६ रोजी रहिवाशांना तीन दिवसांपुरते सामान घ्यायला सांगून बाहेर काढले गेले, त्यामुळे घरे भरलेलीच राहिली. पुढे भंगारासाठी खोल्या गरम ठेवणारे रेडिएटरदेखील उचलले गेले. रिकाम्या खोलीत खिडकीखाली कापलेले पाइप आणि रेडिएटरमागचा भिंतीचा वेगळ्या रंगाचा पट्टा दाखवला, तर हा सारा इतिहास एका कोपऱ्यात दिसतो.

त्यानंतर पाण्याची वाट आखावी. माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यायला हवा. सपाट गच्चीवर साचलेले पाणी काँक्रीटच्या पॅनेलांच्या सांध्यांत उतरते, हिवाळ्यात गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि भेग रुंदावते. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट फोडून काढतो. म्हणून सगळ्या भिंतीवर सारखीच घाण फासू नये. मूळ मटेरियल स्वच्छ ठेवून सांध्यांलगत व्हर्टेक्स पेंटने (मॉडेलच्या बिंदूंवर रंग भरून) ओल आणि शेवाळ चढवावे, सळई उघडी पडली असेल तेथूनच गंजाच्या ओघळाचे डेकल (वरून चिकटवलेले चित्र) खाली सोडावे, आणि ओला भाग चकाकावा म्हणून त्याची रफनेस (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) कमी ठेवावी.

झाडेही हवामानाप्रमाणेच निवडावीत. आपल्याकडे भिंतीच्या फटीत पिंपळ रुजतो. प्रिप्यातमध्ये ती जागा बर्च या पांढऱ्या सालीच्या झाडाची आहे.

तेथील इमारती मुळातच साच्यातल्या पॅनेलांच्या असल्याने मॉड्युलर किट (पुन्हा पुन्हा जोडता येणाऱ्या तुकड्यांचा संच) फार शोभते. आधी ग्रेबॉक्स (साध्या करड्या ठोकळ्यांचा कच्चा आराखडा) करून खेळाडूची वाट तपासावी, कारण झाडी वाढली की दिशा हरवते. १ मेच्या उत्सवासाठी उभारलेल्या आकाशपाळण्यासारखी एखादी उंच आकृती झाडांच्या वर सतत दिसत राहील, अशी मांडणी करावी.

छायाचित्रांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. गॅस मास्क लावलेली बाहुली तेथील फोटोंत वारंवार दिसते, पण अशा अनेक मांडण्या नंतर आलेल्या पाहुण्यांनी केलेल्या आहेत. प्रत्येक वस्तू तेथे कोणी आणि कशासाठी ठेवली, याचे उत्तर देता येत नसेल, तर ती दृश्यातून काढून टाकावी.